तलाक न देता सोडलेली

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘तलाक : कायदा आणि व्यवहार’. सुरुवातीला एकच विचारते. एका दमात तीनदा तलाक म्हणण्यावर बंदी आली, तेव्हा मुस्लिम बायकांचा तलाकचा प्रश्न संपला, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. तुम्हाला दोष देत नाही. टीव्हीवर आणि घरातल्या चर्चांत हेच कानावर येतं. पण आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायका वेगळं सांगतात. त्यांतल्या एकीची हकीकत आधी ऐका. तिचं नाव-गाव सांगणार नाही.

ती आली तेव्हा हातात भाजीची पिशवी होती आणि पिशवीत कागद. बरोबर चार वर्षांची मुलगी. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. मुलगी झाल्याचं कळवलं, तर सासरहून कुणी बघायलासुद्धा आलं नाही. सहा महिन्यांनी नवऱ्याने फोन उचलणं बंद केलं. दोन वर्षांनी कळलं की त्याने दुसरा निकाह केला. पण तलाकचा शब्द त्याने एकदाही तोंडातून काढला नव्हता. तिचे अब्बा जमातीत गेले. तिथले बुजुर्ग म्हणाले, “तलाक तर दिलेला नाही ना? मग घर अजून शाबूत आहे. थांबा थोडं.” अम्मीचंही तेच, “सब्र कर बेटी, येईल एक दिवस.” असं थांबण्यात चार वर्षं गेली.

मी विचारलं, “तुला नेमकं काय हवंय?” ती म्हणाली, “बाजी, मी कोण आहे तेवढं सांगा. फॉर्मवर विवाहित लिहू की तलाकशुदा?”

आज मला या प्रश्नावर बोलायचं आहे. तोंडी तलाकच्या विरोधात आपल्या महाराष्ट्रात फार आधी आवाज उठला. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. फक्त सात बाया होत्या. त्यानंतर 51 वर्षांनी, 22 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातला तीन तलाक रद्दबातल ठरवला. 2019 मध्ये संसदेने कायदा केला. असा तलाक तोंडी द्या, कागदावर लिहा की व्हॉट्सअॅपवर पाठवा, निकाह त्याने मोडत नाही. वर तो गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ही मोठी गोष्ट आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण कायद्याने शब्दाला शिक्षा ठेवली. शब्दच न उच्चारता बायकोला माहेरी टाकून देणाऱ्याला त्या कायद्यात काही नाही. काही नवऱ्यांनी यातून वाट काढली आहे. तलाक दिला नाही की गुन्ह्याची भीती नाही, मेहेरही कुणी मागत नाही. परित्यक्ता सगळ्या समाजांत आहेत. पण हिंदू नवऱ्याने पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा ठरतो. आपल्याकडे पुरुषाला दुसरा निकाह करायची मुभा आहे, त्यामुळे त्याला पहिलीला मोकळं करण्याची गरजच पडत नाही. तो पुढे जातो, ती जागच्या जागी राहते. दुसऱ्या सूऱ्यात स्पष्ट ताकीद आहे की बायकोला ठेवायचं तर नीट ठेवा, सोडायचं तर नीट सोडा, त्रास देण्यासाठी अडकवून ठेवू नका. जमातीतल्या बुजुर्गांना ही आयत पाठ असते. ती या मुलीच्या बाजूने कुणी उच्चारली नाही.

मग तिने काय करायचं? आपल्या घरांत अशी समजूत आहे की निकाह मोडणं नवऱ्याच्या हातात असतं आणि बाईने वाट बघायची असते. ही समजूत चूक आहे. 1939 पासून या देशात मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. या कायद्याने बायकोला स्वतः न्यायालयात जाऊन निकाह मोडून मागता येतो. नवऱ्याची परवानगी लागत नाही. नवऱ्याने दोन वर्षं खर्चपाणी दिलं नाही, हे एक कारण पुरेसं आहे. चार वर्षं त्याचा ठावठिकाणा नाही, तीन वर्षं सबळ कारणाशिवाय तो संसाराची कर्तव्यं पाळत नाही, त्याला सात वर्षांची किंवा जास्त शिक्षा झाली आहे, तो क्रूरपणे वागतो, हीही कारणं आहेत. क्रूरपणात मारहाण येते, तिची मालमत्ता परस्पर विकणं येतं, आणि एकाहून जास्त बायका असताना कुराणाच्या आदेशाप्रमाणे समान न वागवणं हेही येतं.

हा कायदा कुणी बाहेरून लादलेला नाही. हनफी फिकहमध्ये बाईला निकाह मोडून मागायची वाट फारच अरुंद होती. काही बायका सुटका व्हावी म्हणून धर्म सोडायला लागल्या, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या उलेमांनी मालिकी फिकहचा आधार घेऊन मार्ग काढला. त्यातून पुढे हा कायदा झाला. कोर्टात गेलीस तर दीनच्या बाहेर गेलीस, असं कुणी म्हणालं तर त्याला हा इतिहास सांगा.

दावा कुटुंब न्यायालयात करायचा. तुमच्या जिल्ह्यात ते नसेल तर दिवाणी न्यायालयात. एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या कायद्याने निकाह मोडला तरी बाईचा मेहेरचा हक्क जात नाही. खुलामध्ये मात्र बायको सुटका मागते आणि बदल्यात बहुतेक वेळा मेहेर सोडते. खुला हा तिचा हक्क आहे, दोघांना मान्य असेल तर तो मार्ग लवकरचा आहे. मुबारत म्हणजे दोघांच्या संमतीने वेगळं होणं, तोही चांगला मार्ग. पण खुलाच्या बैठकीत काय होतं ते मी पाहिलं आहे. चार पुरुष, एक स्टॅम्प पेपर, आणि कोपऱ्यात रडणारी मुलगी. कागदावर मेहेर माफ, दागिने माफ, मुलांचा खर्चही माफ. ती सही करते, कारण तिला घरी जायचं असतं. असं करू नका. मुलांच्या पोटगीचा हक्क मुलांचा आहे, तो आईला सोडून देता येत नाही. न वाचता सही नाही, कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. दारुल कझाचा किंवा मुफ्तींचा फतवा तुम्ही सल्ला म्हणून जरूर घ्या. पण तो कुणावर कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता पोटगी. इथे दुसरी मोठी गैरसमजूत आहे की पोटगी तलाकनंतरच मागायची असते. नाही. निकाह टिकून असतानाही नवरा सांभाळत नसेल तर बायको पोटगी मागू शकते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. अर्ज कुटुंब न्यायालयात, ते नसेल तिथे न्यायदंडाधिकाऱ्याकडे. नवऱ्याच्या गावी जायला लागत नाही, तुम्ही राहता तिथे अर्ज करता येतो. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा असं कायद्यातच म्हटलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, हेही सांगून ठेवते.

1985 मध्ये शाहबानोच्या बाजूने निकाल लागला. त्यानंतर काय गदारोळ झाला आणि 1986 चा कायदा कसा आला, ते तुम्ही वाचलं असेल. त्या कायद्यामुळे तलाकशुदा मुस्लिम बाईला फक्त इद्दतपुरता खर्च मिळतो, असं अजून सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सांगितलं की नवऱ्याने इद्दतच्या काळात तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून दिली पाहिजे. आणि 10 जुलै 2024 च्या निकालात सांगितलं की तलाकशुदा मुस्लिम बाईला कलम 125 चाही मार्ग खुला आहे. तेव्हा ‘तुमच्यात पोटगी नसते’ असं कुणी म्हणालं, मग तो शेजारी असो की एखादा वकील, त्याला या दोन निकालांबद्दल विचारा.

पोटगीच्या बाबतीत दोन तारखा पाठ करा. एक, पोटगी साधारणपणे अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळते. 2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम घालून दिला. म्हणजे माझ्याकडे आलेल्या त्या मुलीने चार वर्षं जे सब्र केलं, त्या 48 महिन्यांचा एक रुपयाही तिला मिळाला नाही. कारण अर्जच नव्हता. दोन, पोटगीचा हुकूम झाला आणि नवऱ्याने पैसे थकवले, तर त्या त्या महिन्याच्या रकमेसाठी वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. आज देईल, उद्या देईल म्हणत दोन वर्षं गेली, की जुन्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.

नवरे मिळकत लपवतात. गॅरेज भावाच्या नावावर असतं, रिक्षा मेहुण्याच्या. त्याच 2020 च्या निकालाने दोघांनाही आपल्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं आवश्यक केलं. पण ते खोडून काढायला पुरावा तुमच्याकडेच लागतो. म्हणून आता कागदांबद्दल बोलते.

त्या मुलीच्या पिशवीत लग्नाची पत्रिका होती, फोटो होते, बाळाच्या लसीकरणाचं कार्ड होतं. निकाहनामा नव्हता. तो सासऱ्यांच्या कपाटात. दागिन्यांच्या पावत्या होत्या, पण दुकानदाराने त्या सासूच्या नावाने केलेल्या. मेहेर किती ठरला ते तिला ऐकून माहीत होतं. निकाहनाम्याची नक्कल काझींच्या रजिस्टरमधून मिळवायला दोन महिने गेले, आणि ते रजिस्टर नीट ठेवलेलं होतं हे तिचं नशीब.

म्हणून इथे बसलेल्या प्रत्येक मुलीने निकाहनाम्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवावा. लग्नाची नोंदणी नगरपालिकेत, महापालिकेत किंवा गावात ग्रामसेवकाकडे करून घ्यावी. महाराष्ट्रात त्यासाठी 1998 चा कायदा आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. माहेरहून दिलेल्या वस्तूंची यादी करून दोन्हीकडच्या माणसांच्या सह्या घ्याव्यात. आधार कार्ड, शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक आपल्या ताब्यात असावं. बाळंतपणाला माहेरी जाताना ही पिशवी बरोबर न्या. संशय घ्या म्हणून सांगत नाही, कपड्यांइतकीच ती आपली आहे म्हणून सांगते. भांडण झालं तर नवऱ्याचे मेसेज रागाने पुसून टाकू नका. उद्या तोच पुरावा असतो.

मेहेरलाही मुदत आहे. जो मेहेर तलाक झाल्यावर किंवा नवरा वारल्यावर द्यायचा ठरलेला असतो, त्याचा दावा निकाह संपल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. नंतर न्यायालय ऐकत नाही. हे मला स्वतःला वकिलीच्या पुस्तकातून कळलं, कुठल्या खुतब्यातून नाही.

आता भावांनो, तुमच्याशी बोलते. सगळे नवरे वाईट असतात असं मी म्हणत नाही. संसार कधीकधी खरंच जमत नाही. न जमणं हा गुन्हा नाही. पण नोटरीकडून तलाकनामा करून रजिस्टर पोस्टाने पाठवला की काम झालं, असं समजू नका. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने 2002 मध्ये दगडू पठाण प्रकरणात आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात सांगितलं आहे की नुसतं ‘मी तलाक दिला’ म्हणणं पुरेसं नाही. वाजवी कारण होतं, आधी दोन्हीकडच्या मध्यस्थांकरवी समझोत्याचा प्रयत्न झाला आणि मग तलाक उच्चारला, हे सिद्ध करावं लागतं. कुराणातही क्रम हाच आहे. तिच्या घरचा एक, तुमच्या घरचा एक, आधी त्यांना बसवा. नाहीच जमलं तर इद्दतचा खर्च, मेहेर, तिच्या वस्तू आणि पुढची तरतूद देऊन तिला मोकळं करा. आणि कुटुंब न्यायालयातून वैवाहिक दर्जाचा हुकूमनामा घ्या. पुढे पासपोर्ट, नोकरी, दुसरा निकाह, कशातही दोघांना अडचण येणार नाही.

आणि मुलं? आपल्या परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते, असं हनफी मत आहे. पण न्यायालय ताबा ठरवताना सगळ्यात आधी मुलाचं हित बघतं. शाळेच्या गेटवरून मूल उचलून नेल्याने ताबा मिळत नाही, उलट तुमची बाजू कमजोर होते. ताबा आईकडे असला तरी खर्च बापाचा. बापाला भेटण्याचा मुलाचाही हक्क असतो, हे आयांनीही लक्षात ठेवावं. नवऱ्यावरचा राग मुलाच्या भेटीवर काढू नका.

तीन तलाकच्या तक्रारीबद्दल कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, “नवरा तुरुंगात गेला तर घर कोण चालवणार?” प्रश्न रास्त आहे. त्या कायद्यात बाईला स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाह भत्ता मागता येतो, अज्ञान मुलांचा ताबाही मागता येतो. तिची इच्छा असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने तक्रार तडजोडीने मिटवता येते. म्हणून पोलिस ठाण्यात जाण्याआधी एकदा वकिलाशी बोलून आपल्याला नेमकं काय हवं ते ठरवा. शिक्षा, पोटगी, राहायला छप्पर, की सुटका? प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. घरातून काढलं असेल किंवा मारहाण होत असेल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा जास्त उपयोगी पडतो. त्यात घरात राहण्याचा हक्क आहे आणि अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसणाऱ्या बाया मी खूप पाहिल्या. प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण. फोन 15100. महिला हेल्पलाइन 181. हे दोन नंबर आत्ता फोनमध्ये टाका. मी थांबते.

टाकले? आता निकाह व्हायच्या आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. निकाहनाम्यात अटी घालता येतात. ठरलेल्या परिस्थितीत, उदाहरणार्थ नवऱ्याने दुसरा निकाह केला किंवा इतके महिने सांभाळलं नाही तर, बायकोला तलाकचा अधिकार राहील, असं लिहून घेता येतं. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. शरीयतमध्ये तो आहे, फक्त तो मागायचा असतो हे कुणी मुलींना सांगत नाही. हॉलचं बुकिंग आणि बिर्याणीच्या डेगा यांवर महिनाभर चर्चा होते. निकाहनाम्यावर अर्धा तासही नाही. ज्यांना दोघांसाठी समान नियम हवे आहेत, त्यांना विशेष विवाह कायद्याखाली लग्न करता येतं. त्यात दोघांना जवळपास त्याच कारणांवर घटस्फोट मागता येतो आणि दुसऱ्या लग्नाला जागा नाही. मात्र वारसाहक्काचे नियमही त्याने बदलतात, तेव्हा समजून करा.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. विधी सेवेतून वकील मिळाली. आधी मुलीसाठी आणि तिच्यासाठी पोटगीचा अर्ज, मग 1939 च्या कायद्याखाली दावा. नवरा पहिल्या तीन तारखांना आलाच नाही. चौथ्या तारखेला आला आणि म्हणाला, “मी कुठे तलाक दिला? नांदवायला तयार आहे.” तिने न्यायाधीशांना विचारलं, “दुसऱ्या बायकोच्या घरात की माहेरच्या दारात?” प्रत्येक तारखेला तिची एक दिवसाची शिलाईची मजुरी बुडायची. निकाल लागायला दीड वर्ष गेलं. निकाह मोडला, मुलीची पोटगी ठरली, मेहेरचा दावा मुदतीत दाखल झाला. दागिने मिळाले नाहीत, पावत्या सासूच्या नावाने होत्या ना. आणि ते 48 महिने गेले ते गेलेच.

तुमच्या मोहल्ल्यात अशी एक तरी मुलगी असेल. तिची मोठी माणसं तिला ‘घर शाबूत आहे’ म्हणून सांगत असतील. तुम्ही फार काही करू नका. तिला विचारा, पोटगीचा अर्ज केलास का? केला नसेल तर पुढच्या सोमवारी तिच्याबरोबर तालुक्याच्या कोर्टापर्यंत जा. तिथल्या पायऱ्या एकटीने चढायला भीती वाटते, दोघींना कमी वाटते. आणि भावांनो, तुमच्या घरातलाच कुणी बायकोला असं टाकून बसला असेल, तर त्याच्याशी बोलायला आम्हाला बोलावू नका. तुम्हीच बोला.

खुदा हाफिज. जय हिंद.